शिल्लक

समोर संधी उभी असताना तिला लवून नमस्कार करून बाजूला होणारा मनुष्य आपल्याकडे एक तर विरक्त ठरतो, नाही तर भित्रा. त्याची तिसरीही एखादी जात असू शकेल हे मला निवृत्तीनंतर, म्हणजे नवे काही शिकण्याची सक्ती ज्या वयात उरत नाही त्या वयात, गोंदियाच्या बाजारातील एका पहिल्या मजल्यावरच्या खोलीत बसून उमगले. सुटीसाठी आलेल्या नातवाने मला प्रथम तेथे नेले. खाली पोत्यांचा आणि मिरचीच्या ठसक्याचा वास, मग एकाच माणसाला जेमतेम पुरेल असा जिना, आणि वर पोचताच हिरव्या बनातीने मढविलेली पूल या खेळाची दोन टेबले, त्यांवर ओणवलेले दिवे, आणि त्या प्रकाशात कमरेतून वाकलेली, एक डोळा मिटलेली तरुण पोरे: एखाद्या गुप्त मंडळाच्या बैठकीत आगंतुकाने शिरावे तसा मी दारातच थबकलो. नातू यथावकाश पुण्यास परत गेला. मी मात्र सायंकाळी फिरावयास म्हणून निघून त्या जिन्याशी येऊन थांबू लागलो. पोरांनी मला भिंतीकडचे एक बाकडे दिले, 'काका' ही पदवी दिली आणि मग माझ्या उपस्थितीची दखल घेणे सोडून दिले; याहून अधिक सन्मानाची अपेक्षा म्हाताऱ्याने तरुणांकडून करूही नये.

त्या पोरांत एक जण धानाच्या मिलमध्ये काट्यावर बसणारा होता. दिवसभर येणाऱ्या गाड्यांचे वजन करावयाचे, भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करावयाची आणि उरेल ते कागदावर मांडावयाचे, हा त्याचा व्यवसाय. आणि त्या व्यवसायाचे वळण त्याच्या खेळात उतरले होते की खेळाचे व्यवसायात, हे ठरविणे कठीण. एका संध्याकाळी त्याचा चेंडू कोपऱ्यातील खळग्याच्या अगदी ओठावर येऊन थांबलेला मी पाहिला. शाळकरी पोरानेही पाडला असता. पण तो टेबलाभोवती सावकाश एक फेरी घालून आला, भलत्याच बाजूस वाकला, दुसऱ्याच एका चेंडूच्या कडेला पांढऱ्याचा निसटता स्पर्श केला, आणि तो पांढरा चेंडू दोन कुशनींना टेकून, वेग हरवत हरवत, त्याच्या स्वतःच्याच दोन चेंडूंच्या आडोशास जाऊन असा बसला की प्रतिस्पर्ध्याला आपला एकही चेंडू सरळ दिसेना. "अबे, खेळ ना! हे काय अडवून बसणं आहे!" प्रतिस्पर्धी चिडून म्हणाला. कोपऱ्यातून कोणीतरी मला समजावून दिले, "काका, यानं सेफ्टी मारली." मारणे या क्रियापदाचा इतका अहिंसक उपयोग मी त्यापूर्वी ऐकला नव्हता.

आमची पिढी कॅरमवर वाढलेली. आमच्या घरी पावसाळ्याच्या दुपारी बोरिक पावडर उडवीत जो कॅरम चाले त्यात आडवाआडवी नव्हती असे नाही. दुसऱ्याची सोंगटी भोकापासून हटविणे, आपली त्याच्या वाटेत आणून ठेवणे, राणीला कव्हर मिळू न देणे, हे सारे त्यात होतेच. परंतु कॅरमचा स्ट्रायकर प्रत्येक खेळीनंतर हातात परत येतो. मागच्या खेळाडूने पटावर काहीही घोटाळा करून ठेवला असला तरी मी माझ्या पट्टीवर माझ्या सोयीची जागा निवडून नव्याने आरंभ करतो; जणू प्रत्येक वारसदाराला कोरी पाटी मिळावी. पूलमध्ये तसे नाही. तेथे पांढरा चेंडू एकच, तो दोघांचा, आणि एकाने तो जेथे सोडला तेथूनच दुसऱ्याने खेळावयाचे. त्यामुळे प्रत्येक खेळीला दोन अंगे असतात: तुम्ही काय मिळविले आणि तुम्ही मागे काय ठेवले. आयुष्याची 36 वर्षे महसूल खात्यात काढलेल्या माझ्यासारख्याला हे दुसरे अंग पाहताच ओळखीचे वाटले. आमच्या वहीखात्यात त्याला शिल्लक म्हणतात. जमेची बाजू सर्वांनाच दिसते. कारकुनाची परीक्षा होते ती अखेरच्या शिलकेवर, कारण दुसऱ्या दिवशीचा आरंभ तिच्यापासून व्हावयाचा असतो.

यातील कसब पदार्थविज्ञानाच्या एका साध्या नियमावर उभे आहे, आणि तो नियम मला त्या पोरांनी पुस्तकावाचून शिकविला. पांढरा चेंडू दुसऱ्यावर समोरासमोर, पूर्ण आदळला आणि आदळतेवेळी तो फिरत नसून नुसता घसरत असला, तर तो आपली जवळजवळ सर्व गती त्या दुसऱ्याला देऊन जागच्या जागी थांबतो. दानशूराने सर्वस्व देऊन तेथेच खाली बसावे तसा. निसटता स्पर्श झाला तर उलट. तो दुसरा जेमतेम हलतो आणि पांढरा आपली गती जवळ बाळगून दूर निघून जातो. या दोहोंच्या मध्ये, निम्म्याने निम्मा झाकला जाईल अशी गाठ पडली, तर लोळत आलेला पांढरा आपल्या मूळ वाटेपासून सुमारे 30 अंशांनी वळतो, आणि हे वळण इतके भरवशाचे की जाणते खेळाडू त्यावर डोळे मिटून विसंबतात. सेफ्टी खेळणाऱ्याला दोन चेंडूंची चिंता असते, पण दोन्ही चेंडू एकाच वेळी मनाजोगे थांबविणे देवालाही अवघड. म्हणून तो बहुधा एकालाच ताब्यात ठेवतो. कधी पांढऱ्याला जागीच रोखून समोरच्या चेंडूला एखाद्या आडोशामागे धाडतो, कधी समोरच्याला नुसते हुंगून पांढऱ्यालाच दूर पळवितो, आणि आडोसा कोठेच नसेल तर अंतरालाच आडोसा करतो: 9 फुटांच्या टेबलाच्या एका टोकाला पांढरा कुशनीला चिकटलेला, दुसऱ्या टोकाला लक्ष्य, आणि मध्ये नुसते हिरवे रान.

हा अडविण्याचा प्रकार ज्या शब्दाने जगभर ओळखला जातो तो शब्द आमच्या शेजारात जन्मला, याची वार्ता त्या खोलीतील कोणालाच नव्हती. मी सांगितली तेव्हा ती त्यांनी वृद्धांच्या इतर वार्तांप्रमाणेच सहन केली. 1875 साली जबलपूरच्या छावणीत, डेव्हनशायर पलटणीच्या मेसमध्ये, पावसामुळे कोंडून पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांपैकी नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुणाने (पुढे हिटलरशी तह करून आलेला पंतप्रधान तो हा नव्हे) चालू असलेल्या खेळात आणखी काही रंगीत चेंडू मिसळून एक नवा खेळ रचला. वुलिच येथील लष्करी विद्यालयात पहिल्या वर्षाच्या नवशिक्या विद्यार्थ्याला 'स्नूकर' म्हणत असत. कोणाची तरी सोपी खेळी चुकली तेव्हा चेंबरलेनने त्याला त्या नावाने हिणविले, मग या खेळात आपण सारेच स्नूकर आहोत अशी मखलाशी करून वेळ साजरी केली, आणि नाव खेळाला चिकटले. पुढे तो उटकमंडला गेला, तेथील क्लबात नियम लिहून भिंतीवर लागले, आणि तेथून हे प्रकरण विलायतेस पोचले. मला मौज वाटते ती शब्दाच्या प्रवासाची. जो शब्द आरंभी अजाण पोराचा होता तोच कालांतराने, समोरच्याला जाणून बुजून आडोशात कोंडण्याच्या धूर्त कर्माचा झाला. भोळ्याचे नाव कावेबाजाला मिळाले.

त्या वेळी जबलपूर आणि आमचा मुलूख, म्हणजे तेव्हाचा भंडारा जिल्हा, एकाच चीफ कमिशनरच्या अमलाखाली होते, नागपूरच्या कचेरीतून दोन्हींकडे सारखेच हुकूम सुटत. 1956 साली प्रांतरचना बदलेपर्यंत ती सोयरीक टिकली. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल नागपूर रेल्वेने गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करीत जबलपूरपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले, आणि त्या छोट्या गाडीने मी ऐन तारुण्यात एकदा जबलपूरला लग्नास गेलो होतो. आता तेथवर मोठी गाडी धावते. स्नूकरच्या जन्मगावाला आमच्या फलाटावरून तिकीट मिळते, आणि आमच्या बाजारातली पोरे 'स्नूकर झालास' असे म्हणून एकमेकांना खिजवितात. मधली दीड शतके कोणाला आठवत नाहीत, आणि न आठवल्यामुळे कोणाचे काही बिघडत नाही.

याच घराण्यातील जो वडीलधारा खेळ, तीन चेंडूंचा बिलियर्ड्स, त्यात ही अडवणूक आणखी सूक्ष्म होती. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 साली कलकत्त्यास त्या खेळाचे हौशी खेळाडूंचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय तो. बिलियर्ड्समध्ये प्रतिस्पर्ध्याचा चेंडू खळग्यात गेला म्हणजे त्याने तो हातात घेऊन टेबलाच्या एका टोकाला आखलेल्या अर्धवर्तुळातून, रेषेपलीकडे खेळावयाचा असतो. म्हणून चतुर खेळाडू आधी त्याचा चेंडू खळग्यात घालतो आणि उरलेले दोन्ही चेंडू रेषेच्या अलीकडे आणून ठेवतो. हातात चेंडू आहे, समोर सारे मैदान मोकळे आहे, आणि त्या मैदानात खेळण्यासारखे काहीच नाही! पूलमध्ये हातात आलेला पांढरा ही केवढी मोठी मिळकत: प्रतिस्पर्ध्याकडून चूक घडली की टेबलावर मन मानेल तेथे तो ठेवून खेळण्याची मुभा. एका खेळात जी सनद तीच दुसऱ्या खेळात सापळा. स्वातंत्र्य कोणत्या वेळी कोणाच्या हाती येते यावर त्याची किंमत ठरते, एवढेच मी स्वतःशी म्हटले आणि चहा मागविला.

येथे माझ्या जुन्या धंद्याचा एक कबुलीजबाब दिल्यावाचून पुढे जाता येत नाही. पूलचा नियम असा की आपली खेळी केवळ चेंडूला शिवून भागत नाही. चेंडू शिवल्यानंतर काही ना काही खळग्यात तरी पडले पाहिजे, नाही तर कोणता तरी एक चेंडू कुशनीला टेकला तरी पाहिजे. म्हणजे नुसते निवांत बसून राहण्यास मज्जाव. गती दिसली पाहिजे. हा नियम काट्यावरच्या मुलाने मला समजावला तेव्हा मी मोठ्याने हसलो, आणि त्या हसण्याचे कारण त्याला सांगता आले नाही. कारण कचेरीतील फायलीचा नियम नेमका हाच होता. कागद जागच्या जागी राहिला तर कैफियत द्यावी लागे. म्हणून कागद हलता ठेवावा, पण असा की ज्याच्या टेबलावर तो जाईल त्याला सरळ काही करता येऊ नये. 'अभिप्रायार्थ सादर', 'पूर्वपीठिकेसह फेरसादर व्हावे', 'संबंधित शाखेचे मत घेणे इष्ट' असे शेरे लिहिण्यात माझी तारुण्यातील उत्कृष्ट वर्षे खर्ची पडली आणि त्या काळी मी त्यात निष्णात समजला जात असे. कागद कुशनीला टेके, नियमाची पूर्तता होई, पुढचा अंमलदार आडोशात सापडे, आणि माझ्या नावावर काही लागत नसे.

एका तालुक्याच्या कचेरीत असताना एका वृद्ध शेतकऱ्याच्या फेरफाराचे प्रकरण मजकडे आले. वारसांत थोडा वाद होता, दस्तऐवजात एक नाव दोन प्रकारे लिहिलेले होते, आणि निर्णय घेण्यात लहानसा धोका होता. मी तो धोका घेतला नाही. 14 महिने तो कागद माझ्या आणि दुसऱ्या एका टेबलाच्या दरम्यान इतक्या कौशल्याने फिरत राहिला की आज त्या मुलाने तसे खेळून दाखविले तर सारी खोली टाळ्या वाजवील. म्हातारा दर बाजाराच्या दिवशी येई, बाहेरच्या पायरीवर धोतराचा सोगा गुडघ्यावर ओढून बसे, आणि मी दिसलो की उभा राही. त्याचे काम पुढे झाले. ते मी केले नाही, माझ्या जागी आलेल्याने एका दुपारी केले. टेबलावरील खेळात दोघेच असतात, जो अडतो तोही आपल्या खुशीने तेथे आलेला असतो. आमच्या खेळात पायरीवर बसलेला तिसरा होता. काट्यावरच्या मुलाच्या सेफ्टीला मी टाळी वाजवितो तेव्हा हा फरक मला स्मरावा लागतो, आणि दर वेळी स्मरतोच असे नाही.

मुलाच्या बाजूने बोलावयाचे तर त्याच्या सावधपणाला एक रोकड कारणही होते. त्या खोलीचा दस्तूर असा की टेबलाचे पैसे डावागणिक, आणि ते हरणाऱ्याने द्यावयाचे. बापाच्या दुकानावर बसणारी पोरे बेधडक ठोकतात, कारण हरले तरी त्यांचे काही जात नाही. ज्याला महिन्याच्या अखेरीस खिसा चाचपावा लागतो तो ओठावरचा चेंडूही एकदा विचार करून पाडतो. याच कारणाने खोलीच्या मालकाला हा मुलगा फारसा आवडत नसे. दहा मिनिटांत उरकणारा डाव तो अर्धा तास चालवी, आणि पैसे मात्र एकाच डावाचे. "काका, याच्यासारखे चार आले तर मला दुकान बंद करावं लागेल," तो मला म्हणाला, आणि म्हणता म्हणता मुलाची खेळी पाहण्यासाठी गल्ला सोडून पुढेही सरकला.

त्या खोलीत चालणाऱ्या आठ नंबरच्या पूलमध्ये आणखी एक मर्म आहे, ते मला सर्वांत उशिरा कळले. नवशिक्याला वाटते, आपले 7 चेंडू जितक्या लवकर संपतील तितके बरे. तो धडाक्याने 6 पाडतो, सातव्याला अडखळतो, आणि मग त्याला दिसते की टेबलावर आता त्याचे असे फारसे काही उरलेलेच नाही: लपावयास आडोसा नाही, दुसऱ्याची वाट अडवावयास सोंगटी नाही, आणि त्याच्या एकुलत्या एका चेंडूच्या चहूंकडे प्रतिस्पर्ध्याची सातही डोकी पहारा देत उभी आहेत. मोकळे झालेले टेबल त्याने स्वकष्टाने दुसऱ्यासाठी झाडून ठेवलेले असते. काट्यावरचा मुलगा शेवटपर्यंतची वाट डोळ्यांसमोर स्पष्ट असल्यावाचून हा संहार आरंभीत नसे. ओठावरचा तो चेंडू त्याने त्या संध्याकाळी जागीच राहू दिला तो यासाठीच. तेथे असेपर्यंत त्या खळग्याचे तोंड त्याच्या मालकीचे होते. हातचे राखून ठेवण्याची ही रीत जुनीच: आमच्या भागातील जुन्या मालगुजारांनी आणि कोहळी लोकांनी जागोजाग पाळी घालून तळी बांधली, ती काही श्रावणातील पाण्यासाठी नव्हेत. श्रावणात पाणी सर्वांनाच असते. धान निसवण्याच्या सुमारास पावसाने पाठ फिरविली म्हणजे बांधीत सोडावयास जे लागते त्यासाठी ती होती. 1951 साली मालगुजारी गेली, तळ्यांच्या नावामागे 'माजी' लागले, त्याची आद्याक्षरे जुळवून लोकांनी त्यांना मामा तलाव केले, आणि भाच्यांनी मामाच्या घरी वागावे तसे पुढे त्यांच्याशी वागले, हा विषय वेगळा आणि लांबीचा आहे.

सावध खेळ कंटाळवाणा असतो हा आक्षेप मात्र मला कधीच पटला नाही. 1985 च्या एप्रिलमध्ये शेफील्ड येथे स्टीव्ह डेव्हिस आणि डेनिस टेलर यांचा जागतिक स्नूकरचा अंतिम सामना 35 व्या, म्हणजे शेवटच्या शक्य डावापर्यंत, आणि त्या डावातही शेवटच्या काळ्या चेंडूपर्यंत गेला. तो एक डाव 68 मिनिटे चालला, मध्यरात्र उलटली, आणि विलायतेत 1 कोटी 85 लक्ष लोक आपापल्या दूरदर्शन संचासमोर झोप सोडून, दोन प्रौढ पुरुष एकाच काळ्या चेंडूला एकमेकांपासून कसे लपवितात ते पाहत बसले. सबंध सामन्यात टेलर एकदाच पुढे गेला, तो काळा पाडल्यावर. धावा आणि षटकार यांनी करमणूक होते खरी. पण श्वास रोखला जातो तो बहुधा कोणीतरी काहीतरी नाकारीत असताना.

गेल्या वैशाखातील गोष्ट. काट्यावरच्या मुलाची गाठ त्याला अडवणूकखोर म्हणणाऱ्या त्याच पहिल्या प्रतिस्पर्ध्याशी पडली होती. डाव निम्म्यावर आला असता मुलाने एक सेफ्टी केली. पांढरा दूर जाऊन आपल्या पिवळ्या चेंडूला टेकतो न टेकतो तोच वीज गेली. पंखे घरघरत थांबले. आमच्याकडे वीज जाणे ही वार्ता नसते, पण त्या काळोखात मला एक नवल दिसले, किंवा न दिसता कळले म्हणा: कोणीही टेबलाजवळ गेले नाही. उलट दोन्ही खेळाडू एक एक पाऊल मागे सरकून भिंतीला लागून उभे राहिले, आपला हात टेबलावर नव्हता याला चार जण साक्षी असावेत म्हणून. खालच्या दुकानातून मिरची वर आली, कोणीतरी शिंकले, कोणीतरी मोबाइलचा दिवा लावला आणि तो टेबलावर न पाडता छताकडे धरला.

वीस मिनिटांनी उजेड आला. पांढरा होता तेथेच, पिवळ्याच्या कुशीत. प्रतिस्पर्धी पुढे झाला. एरवी तो येताच ठोकणारा. पण काळोखात उभे राहून त्याने काय मोजले कोण जाणे, त्याने टेबलाला एक फेरी घातली, मग दुसरी घातली, क्यूच्या टोकाला बराच वेळ खडू लावला, आणि खाली वाकून लांबच्या कुशनीवरून पांढरा इतक्या हलक्या हाताने पाठविला की तो आपल्या चेंडूला नुसता शिवला, त्याला कुशनीपर्यंत लोटून स्वतः मागे उलटला, आणि काळ्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. खोलीत कोणी बोलले नाही. मालकाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. काट्यावरचा मुलगा पांढऱ्याकडे बघत राहिला, आणि मग त्याने, मी प्रथमच पाहिले, हसून मान डोलविली व खडूसाठी हात पुढे केला.